पेटीजवळ बसलेला माणूस

कारखान्याच्या गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'मशीन शॉपचे नामदेव साळवे यांचे काल निधन झाले.' त्याला आता दीड महिना होईल. पहिल्या शिफ्टचे लोक बाजूने आत जात होते आणि मी तिथेच उभा होतो. त्यांना वाटलं असेल, मित्र गेला म्हणून थिजलाय. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते इतकंच, की आता मला विचारणारं कुणी उरलं नाही... त्या विचाराची लाज जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

बासष्ट साली आम्ही दोघं एकाच आठवड्यात पिंपरीला कामाला लागलो. तो चऱ्होलीचा, मी तळेगावचा. त्याच वर्षी निवडणूक होती. मी पक्षाची पत्रकं वाटत फिरत होतो; नामदेव कडक इस्त्रीचा शर्ट घालून गावी मतदान करून आला. कुणाला दिलंस, विचारलं तर हसला. "त्ये सांगायचं न्हाई. आमच्या आज्याला चावडीची पायरी चढू देत न्हवते. आज मी पाटलाच्या मागं रांगेत हुभा ऱ्हायलो, आन् त्याच्याएवढंच मत टाकून आलो." पुढे कित्येक वर्षं मी त्याला पक्षात ये म्हणून गळ घातली. "पटलं तर मत दीन की," तो म्हणायचा, "पन तुमची पावती न्हाई फाडायचो. उद्या तुमचं चुकलं तर बोलाया तोंड मोकळं पायजे."

आणीबाणीत मला पकडून नेलं. पक्षातले बरेच जण माझ्या घराकडे फिरकेनासे झाले. नामदेव मात्र दर सुट्टीला जाऊन दळण आणून द्यायचा आणि चौकीत सरळ विचारायचा, "आमच्या मधूला कुठं ठिवलाय?" मी सुटून आलो तेव्हा गळ्यात हार पडले. लोकशाहीवर मी खूप भाषणं केली. तो मागे उभा राहून ऐकायचा.

दोनेक वर्षांनी युनियनची निवडणूक आली. एकीकडे आमच्या पक्षाचं पॅनेल, दुसरीकडे कुठल्याच पक्षात नसलेले कामगार. मतपेटी कुणी सांभाळायची यावर वाद झाला नाही. दोन्ही बाजूंनी नामदेवचंच नाव घेतलं. सकाळी त्याने पेटी उलटी करून सगळ्यांना दाखवली, सील केली आणि संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. दुपारचा चहा मीच त्याला तिथे नेऊन दिला होता. मोजणी झाली. आम्ही अकरा मतांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या ऑफिसात कागद टाइप होऊन तयार होता : नामदेव साळवे चहासाठी कँटीनमध्ये गेले, पेटीजवळ कुणीच नव्हतं. "मधुकरराव, तुमच्या सहीला वजन आहे, तुम्ही जेलमध्ये जाऊन आलाय," आमचे नेते म्हणाले. कुणी धमकावलं नाही की हात धरला नाही. पक्ष टिकला तरच लोकशाही टिकेल, असं स्वतःला सांगत मी सही केली.

निवडणूक रद्द झाली. फेरनिवडणुकीत आम्ही जिंकलो, मी उपाध्यक्ष झालो. नामदेव दिसला की लोक म्हणू लागले, "काय राव, पेटी कितीला इकली?" त्याने मला एकदाच गाठलं, सायकल स्टँडवर.

"मधू, च्या तूच आनला व्हतास न्हवं?"

"नामदेव, तो पक्षाचा निर्णय होता."

"पक्षाला कोन इचारतंय? मी तुला इचारतोय."

मी सायकल काढली आणि निघून आलो. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. युनियनच्या पुढच्या निवडणुकीत मात्र तो रांगेत होता, तसाच कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी टेबलाशी बसलो होतो. त्याने मतपत्रिका घेतली, माझ्याकडे बघितलंही नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती. "बसा भावजी," वहिनी म्हणाल्या. मला बसवेना. त्याची मुलगी आता शिक्षिका आहे. तिनेच विचारलं, "काका, बाबा खरंच पेटी सोडून गेले होते का? आम्ही विचारलं की ते गप्प व्हायचे."

"नाही," मी म्हणालो. "मी खोटं लिहून दिलं."

तिने एकदा आईकडे बघितलं. मग ती म्हणाली, "हे गेटवर सांगाल? सगळ्यांसमोर?"

"सांगेन," मी म्हणालो. या सोमवारच्या गेटसभेत सांगणार आहे. पक्षाला अजून कळवलेलं नाही. त्यांना विचारलं तर पुन्हा कागद तयार होईल.

वहिनींनी त्या दिवसाचं वर्तमानपत्र उचललं, नीट घडी घातली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवलं. शिफ्टवरून आला की नामदेव तिथे बसून ते मोठ्याने वाचायचा, म्हणून त्या अजून रोज ठेवतात, असं मुलगी म्हणाली. मग वहिनी आत गेल्या. पुन्हा काही त्या मला बसा म्हणाल्या नाहीत.