मंगळवार कुंदनचा

अकोल्यातल्या त्या वस्तीत फुटबॉलचं वेड जुनंच. पण पगारी क्लब, निळी जर्सी, बाहेरगावचे खेळाडू हा थाट आणला तो जिनिंगवाल्या किसनरावांनी. आणि क्लबचा कारभारी कोणाला केलं? तर एसटी डेपोतून निवृत्त झालेल्या देवमनला! माणूस सरळ, तोंड तेवढं फटकळ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पायल अमरावतीला सासरी. त्यामुळे याचं दोन्ही वेळचं जेवण खानावळीत.

किसनरावांचा हात मोकळा. खेळाडूंना मेस लावून दिली; पनीर काय, अंडी काय, विचारू नका! देवमनचा जीव मात्र खालीवर व्हायचा. "सारा क्लब एका खिशावर उभा हाय बाप्पा. तो खिसा रिकामा झाला त मंग?" पण ऐकतो कोण?

मग त्यानं आपल्या परीनं एक सोय केली. पूर्वी शिकायला आलेली गरीब पोरं ठरल्या वारी ठरल्या घरी जेवत, तसं त्यानं प्रत्येक खेळाडूला वस्तीतलं एक घर लावून दिलं. आठवड्यातून एकदा तिथं जेवायचं. लोक खो खो हसले. "पगारदार पोट्टे वारानं जेवून राहिले!"

"हसा लेकहो," देवमन म्हणाला. "पोट्टा ज्या घरची भाकर खाईन, ते घर त्याचा सामना पाहाले येईन."

आणि आलं की! मूर्तिजापूरचा गोलकीपर कुंदन दर मंगळवारी केशरबाईकडे जेवायचा. ज्या बाईनं जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता, ती मैदानाच्या कडेला उभी राहून पंचाचा उद्धार करू लागली.

पुढं किसनरावांचा धंदा बसला. बिचारे स्वतः येऊन हात जोडून गेले. पगार थांबले, मेसला कुलूप लागलं. लीग तोंडावर आलेली, आणि पहिल्या सामन्याला संघ उतरला नाही तर क्लबचं नाव कायमचं कटणार. देवमनला लोकांपुढं हात पसरायची लाज वाटली. त्यानं पोरांना दुसरीकडे बघायला सांगितलं आणि वार बंद झाल्याचा निरोप घेऊन घरोघर निघाला.

केशरबाई भाकरी थापत होती.

"वयनी, आता कुंदन जेवाले याचा नाई. लय उपकार केले तुमी."

"काहून? मंगळवार माह्या घरचा हाय. तो बंद करणारे तुमी कोण?"

"अवं, क्लबच बुडाला न."

"किसनरावचा पैसा बुडाला. क्लब कोठी बुडाला? इतके दिवस पोट्टे आमी जेवू घातले, अन् तुमी आमाले इचारलं बी नाई?"

देवमनला चांगलीच चपराक बसली. झाड यानंच लावलं होतं, आणि फळ धरलेलं यालाच दिसलं नव्हतं!

केशरबाईनं पिठाचे हात धुतले आणि तीच पुढं होऊन घरोघर हिंडली. घरं वार वाढवायला तयार झाली, वर्गणी ठरली, सामन्याला तिकीट लागलं, सकाळी लहान पोरांची फी घेऊन शिकवणी सुरू झाली. देवमननं खेळाडूंना रोखठोक सांगितलं, "अंथरूण पाहून पाय पसरू. जे येईन, तेच वाटून घेऊ." ज्यांना दुसरीकडे बरं मिळत होतं ते गेले; त्यांनाही त्यानं स्टेशनवर शिदोरी बांधून दिली. कुंदन राहिला. निम्मे राहिले, बाकी जागा वस्तीतल्या पोरांनी भरल्या.

शनिवारी संघ मैदानात उतरला. किसनराव तिकिटाच्या रांगेत उभे होते. देवमननं जाऊन त्यांचे हात धरले. "तुमी सुरू केला म्हणून हाय, भाऊ." सामना बरोबरीत सुटला, पण क्लबचं नाव राहिलं. देवमननं मनातल्या मनात प्रत्येक घराचे आभार मानले, अगदी केशरबाईच्या शेजारच्या भांडकुदळ पंचफुलाचेसुद्धा.

मैदान रिकामं झालं तसा तो पिशवी उचलून निघाला.

"कोठी चालले?" केशरबाईनं वाट अडवली.

"कोठी म्हंजे? खानावळीत."

"मंगळवार कुंदनचा. शनिवार तुमचा. इतवार पंचफुलानं घेतला हाय, अन् सोमवारासाठी भांडण चालू हाय."

साऱ्या पोरांचे वार लावणाऱ्या देवमनला स्वतःचा वार कधी सुचलाच नव्हता. फटकळ माणूस, पण आज शब्द फुटेना. डोळे पुसत तो मुकाट्यानं तिच्यामागं चालू लागला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याचा आवाज परतला.

"वयनी, ठेचा तिखट पाह्यजे बरं का."