न आवळलेला षटकोन

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी काशिमिऱ्याला रिक्षा शोधत होतो. दादा एवढंच म्हणाला, "घरी ये..." पुढे काही विचारावं लागलं नाही. वर्षभर आम्ही त्याच फोनच्या धाकात होतो.

दादाचं लग्न झालं तेव्हा आम्ही परळहून भाईंदरला, इंद्रलोकमध्ये, नुकते राहायला आलो होतो. घरात पहिला पदवीधर मी, आणि ते मी अजूनही छाती काढून सांगतो. वहिनी मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "भावजी, डिग्री भिंतीवर राहू दे, हा पाण्याचा ड्रम जरा सरकवा." तेव्हा फेंगशुईचं वेड नवीन होतं. दारोदारी लाल रेशमी दोरीच्या चिनी गाठी लटकायच्या. वहिनींनी तशी एक आणली, सोडवली आणि परत बांधली. हळूहळू चौकोन, पंचकोन, षटकोन, सगळं जमायला लागलं. थर्माकोलवर टाचण्या टोचून त्यांच्याभोवती दोरी वर-खाली गुंफायची, मग टाचण्या काढायच्या आणि एकेक फेरा ओढून ढील काढायची. सगळी कला त्या ओढण्यात. ओढ कमी पडली की षटकोनाचा नुसता गोळा. वहिनी मालिका बघत बघत, खाली मानही न घालता ओढायच्या.

वहिनी गाठी विकायलाही लागल्या होत्या, आणि आजाराची पहिली खूण त्या घेणाऱ्या दुकानदाराने दिली. मीरा रोडच्या जिग्नेशभाईने गाठी परत केल्या. "भाभी, इस बार ढीला है. कोना बैठता नहीं." वहिनी भडकल्या, "दोरीच गुळगुळीत आलीय ओ, त्या दोरीवाल्यालाच सांगा." दोरी बदलली. कोपरे बसेनात. मग त्या टीव्ही बंद करून बांधू लागल्या. मग एका दुपारी पाहिलं, तर दोरीचं टोक दातांत धरून मान मागे खेचत होत्या... मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. "दिवाळीचा माल जाऊ दे. हात अवघडलाय नुसता." दादाही म्हणाला, "दिवसभर तेच काम, दुखणारच."

पण त्यांचा हात दुखत नव्हता. तेच मला खात होतं.

दिवाळीनंतर गेलो. डॉक्टरांनी आपली दोन बोटं वहिनींच्या मुठीत दिली. "जोरात दाबा."

"दाबतेय की," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोटं काढून घेतली आणि तपासण्यांची यादी लिहायला घेतली.

आजाराचं नाव रिपोर्टवर आलं, बाकीचं मी सायबर कॅफेत बसून वाचलं: एकेक स्नायू निकामी होत जातो, औषध नाही. इंग्रजी सगळं समजलं. शिकल्याचा असाही उपयोग व्हायचा होता... दादाला सांगितलं. वहिनींना सांगायची वेळच आली नाही, त्यांनी आमच्या तोंडावरून ओळखलं. म्हणाल्या, "लोकांच्या दारांना इतक्या बांधल्या, आपलं दार उघडंच. एक आपल्याला करते." उरलेल्या बोटांनी त्यांनी कित्येक दुपारी तो षटकोन गुंफला. गुंफून झाला तेव्हा ओढायला बोटं राहिली नव्हती. मी हात पुढे केला. "लावू नका हात! ज्याने गुंफली त्यानेच ओढायची. दुसऱ्याची ओढ वेगळी पडते, कोपरा वाकडा बसतो. बरं वाटलं की मीच ओढेन." पुढे त्यांचं बोलणंही गेलं. तरी कुणी थर्माकोलजवळ गेलं की डोळे वटारायच्या.

तेराव्यानंतर त्यांची आई म्हणाली, आता आवळा ती गाठ आणि लावा दाराला, जीव अडकला असेल तिचा. दादाने एक टाचणी काढली. तिथला फेरा लगेच खाली लोंबला. दादा बघत राहिला. मग त्याने तो फेरा बोटाने वर उचलला आणि टाचणी त्याच भोकात परत टोचली.

षटकोन अजून तसाच आहे, टाचण्यांच्या जिवावर. त्या खोलीत पंखा आम्ही एकच्या वर नेत नाही.