खिडकीजवळचं टेबल

माझ्या काकांना त्यांच्या मनाविरुद्ध कुठेही बसवू शकेल असा माणूस दिल्लीत अजून जन्मलेला नाही. ते राहतात त्या फरीदाबादेत तर जन्मणारही नाही. लग्नाला गेले की ते थेट पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, जिथे नवऱ्या मुलाच्या मामालाही बसायला संकोच वाटतो. कॉलनीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला तर त्यांची खुर्ची काका रिकामी राहू देत नाहीत. एकदा करोल बागेत साड्या घ्यायला गेलो, तर दुकानातल्या माणसाने आम्हाला कोपऱ्यातली, पंख्याचा वारा न लागणारी दोन स्टुलं दाखवली. काका शांतपणे मालकाच्या गादीवर जाऊन टेकले, आणि मालक जेवून परतला तेव्हा त्यालाच म्हणाले, "आइए, आइए, बैठिए." तो बसला. वर चहाही मागवला.

वाचण्याचंही तसंच. सरकारी खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले, पण कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही हा नियम घरी चालूच राहिला. कुरियरवाला दारात ताटकळतो आणि काका पावतीच्या मागचे बारीक अक्षरातले नियम वाचत असतात. आलेली लग्नपत्रिका ते लाल पेनाने तपासतात आणि चूक सापडली की यजमानांना फोन करून कळवतात. काकू म्हणते, "एक लग्न तेवढं न वाचता केलं यांनी."

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. गावाहून दिल्लीला आणून मला कॉलेजात घातलं ते याच काकांनी. गुडगावच्या कंपनीत मी टीम लीड झाले तेव्हा ठरवलं, ऑफिसातले मोठे लोक जातात तसल्या हॉटेलात काकांना न्यायचं. दक्षिण दिल्लीतल्या एका नामांकित इटालियन हॉटेलात खिडकीजवळचं टेबल बुक केलं. "मला ते चीज सोसत नाही," म्हणून काकू घरीच राहिली. काकांनी ठेवणीतला कोट घातला आणि खाली रोजच्या सँडल.

दारातल्या मुलीने आधी बुकिंग पाहिलं, मग सँडल पाहिल्या, आणि आम्हाला नेलं ते वॉशरूमच्या दाराशी असलेल्या टेबलाकडे. खिडकीजवळची चारही टेबलं रिकामी होती. "वो रिझर्व्ड हैं, मॅम," ती म्हणाली. मी बसले. खरं सांगते, निमूट बसले. ऑफिसातलं कुणी असलं तर, असं मनात आलं. काका उभेच.

"काका, बसा ना. जेवण तेच आहे."

"पंगतीतही जेवण तेच असायचं, बाई."

गावातल्या लग्नांत सगळ्या पंगती उठल्या की आमच्या लोकांना गोठ्याशी बसवून वाढायचे. मला हे ऐकून माहीत, त्यांना बसून.

मॅनेजर आला. काका त्याला म्हणाले, "बेटा, बुकिंग खिड़की की है. वहाँ बिठाओगे तब तक हम खड़े हैं. मेन्यू दे दीजिए." आणि हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी मेन्यू पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतला, साहेबापुढे फाइल वाचावी तसा. "रिसोट्टो. चावल, मक्खन, चीज. अच्छा, म्हणजे खिचडी, डाळ विसरलेली." वेटर हातात बशा घेऊन त्यांना वळसा घालून जाऊ लागले. "सर, प्लीज, बैठ जाइए," मॅनेजर कुजबुजला. "बैठेंगे. बिल्कुल बैठेंगे," म्हणत काकांनी पान उलटलं.

पास्त्याच्या पानावर आले तेव्हा मला दिसलं, त्यांचा एक हात जवळच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता. बहात्तराव्या वर्षी गुडघे एवढं उभं राहू देत नाहीत. मी उठले. फोनवरचा बुकिंगचा मेसेज मॅनेजरपुढे धरला. "इसमें विंडो टेबल लिखा है. पढ़िए. पूरा पढ़िए." आणि काकांशेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त मेन्यू थोडा सरकवला, मलाही दिसेल असा.

आईस्क्रीमच्या पानापर्यंत पोचलो तेव्हा खिडकीजवळचं टेबल मिळालं. काकांनी लांब शेवया काट्याला गुंडाळायचा दोनदा प्रयत्न केला, मग हात धुऊन आले आणि सरळ हाताने जेवले. मॅनेजरने जेवण कसं होतं विचारलं, तर म्हणाले, "नमक कम है. जगह अच्छी है."

आता गुडघ्यांमुळे काका फारसे बाहेर पडत नाहीत. मी जाते असल्या हॉटेलांत, कधी टीमबरोबर, कधी एकटी. दाराशी कुणीतरी मला न्याहाळतं आणि आतलं एखादं टेबल दाखवतं. बहुतेक वेळा मी उभी राहते. पण कधी दिवसभराच्या मीटिंगांनी जीव थकलेला असतो, आणि मी दाखवतील तिथे बसून घेते. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन येतो.

"कुठे बसली होतीस?"

"खिडकीजवळ," मी म्हणते.

"बरं," म्हणतात. काय जेवलीस ते विचारतच नाहीत.