मेंढ्याचं फडकं

चारठाण्याच्या शिवारात येडबाच्या मेंढ्या शेतात बसवायला लोक आधीपासून सांगून ठेवत. खत मिळायचंच, पण त्याचा कळप बघूनच जीव हरखायचा. तरण्या मेंढीचे पुढले दोन दुधाचे दात पडून मोठे आल्याशिवाय येडबा तिच्याजवळ मेंढा फिरकू देत नसे. मेंढ्याच्या पोटाखाली जाड फडकं बांधलेलं असायचं. आम्ही चिडवायचो, "येडबा, मेंढ्याला लंगोट नवा अन् तुझं धोतर फाटकं!"

"मेंढी माजावर लौकर येती, बाबा," तो सांगायचा. "अंग मागून भरतं. त्याच्या आदी गाभन ऱ्हायली की वाढ थितंच थांबती. कवा कवा तीबी जाती, कोकरूबी."

एवढं कळणारा माणूस. म्हणून तर मला त्याचा अजून राग येतो.

त्याची लेक बानू. लग्न लहानपणीच लागलेलं, सासर वालूरचं. तिला न्हाण आलं ते साल रझाकारांच्या धास्तीचं. गावात लोक दिवे लागायच्या आत कवाडं लावून घेत. येडबाचं बिऱ्हाड उघड्या रानात, त्याला कवाड कुठलं? दसरा झाला की पोरीला सासरी पोचवायचं, असं त्यानं ठरवलं.

त्याची बायको कासाबाई आडवी आली. "वयात आली म्हंजी वाढली का? मेंढीचं कळतंय तुमाला, लेकीचं कळंना?"

"दिवस कसे हायेत बघायलीस न्हवं? थितं मातीच्या का व्हईना, भिंती हायेत."

पोरीला पोचवायला कासाबाई स्वतः गेली. तिनं विहिणीच्या, धुरपताबाईच्या, हातावर हात ठेवून शब्द घेतला: दोन वर्षं पोर सासूजवळच निजेल. धुरपताबाईनं तो संक्रांतीपर्यंतसुद्धा पाळला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोळ्याला बानू पालावर आली. कासाबाईनं तिला अंगाला लावून उभी केली. जाताना लेकीचं डोकं आईच्या खांद्याला लागत होतं. आताही तिथंच लागत होतं. येडबानं ते पाहिलं. तो मेंढ्यांत जाऊन बसला, भाकरीलाही उठला नाही.

बानू अडली. सुईण आली, पण तिच्या हातात काही राहिलं नव्हतं. पोर गेली, पोटातलंही गेलं.

तिला माती दिली त्याच आठवड्यात हिंदुस्थानचं लष्कर आलं. रझाकार पळाले. ज्या भयानं पोर धाडली, ते भयच संपलं. चारठाण्यात गूळ वाटला, कुणीतरी पालावरही आणून दिला.

येडबानं तो मेंढ्यापुढं टाकला. मेंढ्याच्या पोटाचं फडकं सोडलं आणि भिरकावून दिलं. "आता कशाला राखायचं?"

कासाबाई उठली. फडकं उचललं, झटकलं, मेंढ्याला पुन्हा बांधलं. गाठ दातांनी आवळली.

"ह्यान्ला तरी राखा," ती म्हणाली.