मोगऱ्याला चोरून घातलेलं पाणी

यंदाच्या उन्हाळ्याचा निकाल आधीच सांगून टाकते. टोमॅटो सपशेल नापास. फुलं गळाली आणि जी चार फळं धरली त्यांना उन्हानं पांढरे चट्टे पाडले. कोथिंबीर बोटभर वाढली नाही तोच फुलावर आली. दोडक्याच्या वेलावर जुनी साडी बांधली म्हणून तो कसाबसा काठावर पास झाला. वांगी मात्र भर वैशाखात लगडली होती. मी शाळेत शिकवते, त्यामुळे निकाल लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. लातुरातलं आमचं घर लहान. मागच्या बाजूला दहा पावलांची पट्टी आणि उन्हाळ्यात नळ येणार आठवड्यातून एकदा. तेवढ्यात एवढं आलं, मी खूश आहे.

पहिला नंबर मोगऱ्याचा. मागच्या वर्षी तो नापास झाला होता, आणि त्याला नापास करणारी मीच होते.

हा मोगरा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या गावाहून, जळकोटहून, फांदी आणून लावलेला. बुद्ध पौर्णिमेला विहारात वाहायला आम्ही दरवर्षी चौकातून फुलं विकत आणायचो. आत्याबाईंना ते कधी पटलं नाही. "आपल्या दारचं एक तरी फूल पायजे," म्हणायच्या. झाड मोठं झालं तसं त्यांनी ठरवलं, की आता पौर्णिमेला घरचीच फुलं न्यायची.

त्यासाठी हिवाळ्यात त्यांनी झाडाचं पाणी तोडलं. पानंही ओरबाडून काढली. त्यांची उमर लोकांच्या लिंबाच्या बागेत मजुरी करण्यात गेली, तिथं बहारासाठी, म्हणजे झाड फुलावर यावं म्हणून, असाच पाण्याचा ताण देतात. मला हे काही बघवेना. हिरवंगार झाड काड्यांवर आलं होतं. मी मोबाइलवर बागकामाचे चार व्हिडिओ पाहिलेली बाई, मला वाटलं, म्हातारीला काय कळतंय! आत्याबाई संध्याकाळी वंदनेला बसल्या की तांदूळ धुतलेलं तांब्याभर पाणी मी गुपचूप मोगऱ्याला घालायची. झाड पुन्हा पालवलं. आत्याबाई बोटानं माती उकरून बघायच्या आणि चक्रावायच्या.

"खालून ओल येऊन राहिली का काय गं?"

"असेल," मी म्हणायची. एरवी पोरांनी खोटं बोललेलं मला अजिबात खपत नाही.

उन्हाळा आला. मोगरा कसला माजला होता! काळीभोर पानं, खांद्याएवढी उंची, आणि कळी एक नाही. पौर्णिमेच्या सकाळी पांढरं पातळ नेसून आत्याबाई झाडापाशी गेल्या. एकेक फांदी उचलून पान न् पान उलटून बघितलं. मग परत आल्या आणि म्हणाल्या, "जा, चौकातून फुलं आण."

इथंही खरं न सांगता मी चौकातून फुलं आणली. पण त्यानंतर त्या मागच्या अंगणात जाईनात. भाजीचं बी काढून हातात दिलं तर म्हणाल्या, "तूच लाव. माझ्या हाताचं आता लागत न्हाई." त्यांनी लावलेलं रोप मेलंय असं जळकोटात कुणाला आठवत नव्हतं. शेजारणी मिरचीचं रोपसुद्धा त्यांच्या हातून लावून घ्यायच्या. त्या बाईनं हात मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत बसावं, आणि कशामुळं, तर माझ्या तांब्याभर शहाणपणामुळं! मला माझी इतकी लाज वाटली की जेवण जाईना.

चौथ्या दिवशी मी सगळं कबूल केलं. अगदी "खालून ओल" सकट.

 आत्याबाईंचा आवाज चढला. "आगं, चार महिने येडं केलंस व्हय मला! मी इथं हाताला दोष देऊन राहिले, आन् तू तांब्या लपवून राहिलीस! आठ दिसाला नळ येतोय आन् हिला पाण्याचा ऊत!" असं म्हणत त्या उठल्या, चप्पल न घालता तापलेल्या फरशीवरून थेट मोगऱ्यापाशी गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दोन्ही दिवस उजाडायच्या आत त्या अंगणात होत्या, आणि दोडक्याच्या वेलाशी मात्र मोठमोठ्यानं बोलत होत्या. इतक्या शिव्या खाऊन मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात झाडाचं पाणी पुन्हा तुटलं. मी शाळेतून आले की तांब्या आत्याबाईंच्या पायाशी असायचा. झाड काड्यांवर आलं, मी कळवळले, आणि हात बांधून बसले. होळीनंतर कळ्या आल्या. मग जसजसं ऊन वाढलं तसतसा मोगरा फुलत सुटला. पौर्णिमेला आम्ही ओल्या फडक्यात बांधून परडीभर फुलं नेली. आत्याबाईंनी ओंजळ रिकामी केली आणि क्षणभर तसेच हात जोडून उभ्या राहिल्या. माझे डोळे भरून आले.

बाहेर एका बाईनं विचारलं, "चौकातून आणली का हो?"

"दारची हायती," आत्याबाई ताठ होऊन म्हणाल्या.

ती बाई दुसऱ्याच दिवशी फांदी मागायला घरी आली. "तुमच्याच हातानं लावून द्या," म्हणाली. आत्याबाईंनी डब्यात माती भरली, फांदी खोचली, अंगठ्यानं दाबून बसवली. हिवाळ्यात पाणी कधी तोडायचं, पानं कशी काढायची, सगळं नीट समजावून सांगितलं. ती निघाली तेवढ्यात माझ्याकडं बघत त्यांनी तिला हाक मारली.

"आन् हे बघ, घरात शिकलेली सून असंल, तर तांब्या लपवून ठेव."