सिस्टर रेजिनांनी पोचवलेलं पत्र

सिस्टर रेजिना गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. सकाळची वेळ होती. घाटकोपरच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते, तिथे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग लागली होती. माझी शाळेपासूनची मैत्रीण मेहजबीन हिचा फोन आला. "रेखा, बसलीयस ना? सिस्टर गेल्या गं. पहाटे. झोपेतच." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला. मनात एकच गोष्ट घोळत होती, की आता विचारायला कुणी उरलं नाही. याला दीड महिना झाला. काय विचारायचं होतं, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमची शाळा मुलुंडची, कॅथलिक सिस्टरांनी चालवलेली, फक्त मुलींची. मंगळवारी आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाची घंटा झाली की वर्गाचे दोन भाग होत. ख्रिस्ती मुली आपापली पुस्तकं घेऊन चॅपेलशेजारच्या खोलीत धर्मशिक्षणाला जात. आम्ही बाकीच्या, म्हणजे माझ्यासारख्या मालवणकडच्या मिल कामगारांच्या मुली, मेहजबीन, दोन-तीन जैन मुली, अशा वर्गातच बसून नीतिशिक्षण घेत असू. इतर शिक्षिकांच्या हाती हा तास आला की गणितं उरकायला जायचा. सिस्टर रेजिना आठवीला आम्हाला आल्या आणि ते बंद झालं. वसईच्या शेतकरी घरातल्या, उंच, हाडकुळ्या, बोलताना शेवटचा शब्द जरा लांबवणाऱ्या. धर्मशिक्षणही त्याच घेत. नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यात मुख्याध्यापिकांची परवानगी काढून त्यांनी सगळ्या मुलींना एकाच वर्गात बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी मेलेल्या माणसाला काय देतात?"

कुणी असं विचारत नाही.  मग एकीने हात वर केला, मग दुसरीने. मी पितृपक्षात कावळ्यासाठी पानावर काढून ठेवतात त्या वाडीबद्दल सांगितलं, कावळा शिवेपर्यंत आई कशी जेवत नाही तेही सांगितलं. मेहजबीनने शब-ए-बारातचा हलवा आणि कबरीवर वाचला जाणारा फातिहा सांगितला. ख्रिस्ती मुलींनी दोन नोव्हेंबरला कबरीवर लावायच्या मेणबत्त्या सांगितल्या. एक जैन मुलगी उभी राहून म्हणाली, "आमच्यात काही देत नाहीत, सिस्टर. तो जीव पुढे गेलेला असतो." सिस्टरांनी तिचं वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. नंतर कळलं, त्यांचा धर्म शिकवायचा प्रकार असाच होता. कोण बरोबर ते त्या कधी सांगत नसत. फळा पुसायच्या आधी सगळ्यांची वाक्यं वहीत उतरवून घ्यायला लावत, आणि परीक्षेत दुसऱ्याच्या घरचं लिहायला सांगत.

त्या महिन्याच्या शेवटी त्यांनी आम्हाला पत्र लिहायला लावलं. आपल्या घरातल्या गेलेल्या एका माणसाला. "पाकिटावर नाव घाला, पत्ता नको. पाकीट चिकटवा. मी वाचणार नाही, दुसरं कुणी वाचणार नाही."

माझी मोठी बहीण, शैलाताई, त्याआधी दोन वर्षांपूर्वी गेली होती. दहावीत होती, कावीळ झाली आणि बघता बघता पोटात उतरली. आम्ही तेव्हा भांडुपला डोंगरउतारावरच्या चाळीत राहायचो. आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, वडील मिल बंद पडल्यावर वॉचमनच्या ड्युटीवर. त्या दुपारी ताईजवळ बसायचं काम माझं होतं. बाहेर मुलींचा लगोरीचा डाव रंगला होता आणि त्या मला हाका मारत होत्या. मी उठले. उंबऱ्याशी पोचले तेव्हा ताई मागून काहीतरी बोलली. आवाज आला, शब्द कळले नाहीत. मी वळून "काय?" म्हणू शकले असते. मी ऐकू न आल्यासारखं करून पळाले. चारला आई कामावरून आली तेव्हा ताई गेली होती. मी आतच बसले होते, असं सगळ्यांना सांगितलं. कुणी उलट विचारलं नाही.

पत्रात मी एवढंच लिहिलं: ताई, त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. परत सांग.

बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात सगळी पाकिटं जमा झाली. शाळेमागच्या फणसाखाली सिस्टरांनी ती लोखंडी घमेल्यात एकेक करून जाळली. आम्ही गोल करून उभ्या होतो. मुलुंडच्या कचरा डेपोचा वास नेहमीसारखा वाऱ्याबरोबर आला होता, आणि तरी कुणी नाकाला रुमाल लावला नाही. घंटा झाली, बाकीच्या गेल्या. मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत आले, तर सिस्टर अजून तिथेच होत्या. घमेल्यातली राख विझलेली. त्यांची मान एका बाजूला कललेली आणि ओठ हलत होते, पण ती प्रार्थना नव्हती. प्रार्थना म्हणताना त्यांना मी शंभरदा पाहिलं होतं. शुद्धलेखनाला बाई वाक्य सांगतात आणि विसरू नये म्हणून आपण ते तोंडातल्या तोंडात घोळवतो ना... तसं काहीसं. मला पाहून त्या म्हणाल्या, "उत्तराची घाई करू नकोस हं. कधी येईल ते आपल्या हातात नसतं." मी बाटली तिथेच टाकून पळाले.

हे कुणाच्या तरी घरी कळलं, तक्रार आली आणि पुढच्या वर्षी पत्रं बंद झाली. तेव्हा सिस्टर वर्गात एवढंच म्हणाल्या, "मेलेल्यांना बोलावणं आमच्या धर्मात पाप आहे. मी कुणाला बोलावलं नाही. तुमची पत्रं पोचवली, बस." राग नव्हता आवाजात. मग फळ्यावर त्या दिवसाचा विषय लिहिला.

दिवस गेले. माझं लग्न झालं, मी घाटकोपरला आले. सिस्टर निवृत्त होऊन अंधेरीला, म्हाताऱ्या सिस्टरांसाठी असलेल्या आश्रमात राहायला गेल्या. मेहजबीन आणि मी वर्षातून दोनदा त्यांना भेटायला जायचो. एकदा न राहवून मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही आमची पत्रं वाचायचात?" त्या हसल्या. "दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मीच शिकवलं ना तुम्हाला?" बाहेर आल्यावर मेहजबीन म्हणाली, "वाचली असतील गं, सोड ना यार. एवढ्या मुलींची दुःखं... मी असते तर वाचली असती." मलाही ते पटलं. रक्ताच्या नमुन्यावर जगणारी बाई मी. जे काचेखाली दिसत नाही त्याच्या भानगडीत पडत नाही.

गेल्या दोन वर्षांत सिस्टर विसरत चालल्या. आधी नावं गेली, मग माणसं. यंदाच्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी एकटीच गेले. त्यांची देखभाल करणारी तरुण सिस्टर आशा, झारखंडची, म्हणाली की तीन आठवडे एक शब्दही बोललेल्या नाहीत. मी पलंगाशेजारी बसून मोसंबं सोलत होते. बाहेर पाऊस कोसळत होता, दुपार असून ट्यूबलाइट लावलेली. सिस्टरांचे डोळे मिटलेले. अचानक त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तोंड भिंतीकडे वळवलं आणि तापाने वैतागलेल्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या,

"रेखू, दार ओढून घे गो. डोळ्यार वत येता."

मी उठले. मोसंबं ताटलीत ठेवलं, दाराशी गेले आणि दार ओढून घेतलं. अगदी सवयीने, कुणी सांगितलं की करतो तसं. कडीवर हात होता तेव्हा माझ्या लक्षात आलं. वत म्हणजे ऊन, आमच्या मालवणीतलं. त्या खोलीत ऊन नव्हतं. सिस्टरांना मालवणी येत नव्हती. आणि मला रेखू म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"ये कौनसी भाषा थी, दीदी?" सिस्टर आशा विचारत होती. मला मागे वळून बघायला फार वेळ लागला. वळले तेव्हा सिस्टर रेजिना शांत झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं.

त्यांनी पत्र वाचलं असेलही. पण पत्रात माझा प्रश्न होता. उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं... मलासुद्धा.

त्याच संध्याकाळी मी भांडुपला आईकडे गेले. ऐंशीला टेकलेली आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आई, जुन्या खोलीत ताईच्या खाटेवर दुपारी ऊन यायचं?"

तिचे हात थांबले. "अडीचाक येय. सरळ तोंडार. दार लावला नाय तर निजूक मिळत नसा." मग म्हणाली, "मी इलंय तेव्हा तिच्या डोळ्यार टावेल होतो. माका वाटला, निजला असात. तुका कोणी सांगल्यान?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लगोरी, ताईचा आवाज, माझं पळणं आणि इतक्या वर्षांचं खोटं. सांगताना मी पुन्हा अकरा वर्षांची झाले. आई ऐकत होती. तांदळातला एक खडा तिने काढला, बाजूला ठेवला.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "दार उघडा होता. तू आत असतंस तर लावलेला असता." आणि थोड्या वेळाने, "तू लहान होतंस."

ताईचे शेवटचे शब्द मी काय काय कल्पिले होते! जाऊ नको, पाणी दे, आईला बोलव, मला भीती वाटते. मुलाच्या जन्माच्या वेळी कळा देतानासुद्धा मी तेच ऐकत होते. आणि ती फक्त दार लावायला सांगत होती. त्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी जाग आली ती मात्र अंगावर काटा येऊनच. निरोप मिळाला होता, सिस्टरांनी तो आणला कसा ते कळत नव्हतं. पुढच्या शनिवारी सुट्टी काढून विचारायला जायचं ठरवलं. आपण काय बोललो ते सिस्टरांना आठवलं नसतं, हे ठाऊक होतं. तरी त्यांच्यासमोर बसून विचारायचं होतं. शुक्रवारी पहाटे त्या गेल्या.

अंत्यविधीला गर्दी होती. आमच्या वर्गातल्याच अकरा जणी आल्या होत्या.  झालेलं सगळं मी फक्त मेहजबीनला, परतताना रिक्षात सांगितलं.  मग तिने मला विचारलं, "माझ्या अब्बांबद्दल काही बोलल्या का गं त्या?" मी नाही म्हटलं. "बघ ना," ती म्हणाली, "मी लिहिलंच नव्हतं. कोरा कागद घालून पाकीट चिकटवलं होतं." आणि ती रडायला लागली.

सिस्टरांना जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिसेला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनाविधीला, मी पुन्हा आश्रमात गेले. मिसा आटोपल्यावर सिस्टर आशाने मला चहासाठी मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथे सात-आठ म्हाताऱ्या सिस्टर बसल्या होत्या. पावणेअकराला त्यांनी कप खाली ठेवले, कुणी न सांगता आपापल्या खुर्च्या फिरवल्या आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. सिस्टर आशा हळूच तिच्या हिंदीत म्हणाली, "अंथरूण धरेपर्यंत सिस्टर रेजिना इथे रोज या वेळेला तास घ्यायच्या. शाळा सुटली हे त्या विसरल्या होत्या ना. त्या गेल्या, पण ह्या अजून बसतात. कोणी थांबवत नाही."

मीही मागच्या बाकाच्या टोकाला टेकले.  पुढच्या एका सिस्टरने हात वर केला, काही वेळ तसाच ठेवला, मग मान डोलावून खाली घेतला, शंका फिटल्यासारखा. माझ्या शेजारच्या सिस्टर जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यांनी चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं.

"सरक गं जरा," त्या कुजबुजल्या. "पोरगी कधीची उभी आहे. बसू दे तिला."

मी मागे पाहिलं नाही. सरकले, एका माणसापुरती जागा केली, आणि तास संपेपर्यंत पदर आवरून बसून राहिले.