माझ्या हातचा घास

इमानी कुत्र्यांच्या गोष्टी लोक डोळे पुसत सांगायला लागले की मी उठून आत जाते. एक इमानी कुत्रा मी माझ्या ओटीवर मरताना पाहिलाय. तेवढा पुरे.

पनवेलला आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातलंच ज्यू जोडपं राहायचं. गृहस्थ मोजणी खात्यात नोकरीला. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला वहिनी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मनात डूख धरून लिहितेय. डूख धरलाच आहे, पण माणूस वाईट नव्हता.

त्यांचा आधीचा कुत्रा कुणा मेल्यानं मटणाच्या तुकड्यातून विष घालून मारला होता. तेव्हापासून भाऊंनी चंगच बांधला, की पुढचा कुत्रा परक्याच्या हातचं तोंडात घेणार नाही असा तयार करायचा. पिल्लू धड चालतही नव्हतं आणि यांचा बेत तयार! "वहिनी, जमीन मोजताना आधी हद्द ठरवतो ना, तसंच हे. कुठं पोचायचं ते आधी पक्कं हवं." आधी बसायला शिकवायचं, मग हाकेला यायला, मग भरल्या ताटलीपुढे थांबायला. एक अंगवळणी पडल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. आणि शेवटचा धडा, परक्या हाताचा.

परका हात कुणाचा? माझा!

संध्याकाळी घरी आले की भाऊ हाक मारायचे, "वहिनी, जरा येता का?" मी तळलेल्या बांगड्याचा तुकडा घेऊन जायची. कुत्रा पुढे झाला की ते त्याच्या नाकावर टिचकी मारत. पुढे पुढे टिचकीची गरजच उरली नाही. माझ्या हातात खायचं दिसलं की तो मान फिरवायचा. लाळ गळत असायची, पण मान फिरलेली. "शाब्बास!" म्हणत भाऊ तोच तुकडा माझ्याकडून घेऊन "घे" म्हणत स्वतः भरवत. खाली पडलेलं किंवा कुणी मांडून ठेवलेलंही खायचं नाही, हेसुद्धा असंच घटवून घेतलं.

शनिवारी मात्र सुट्टी. शनिवारी त्यांच्याकडे कुणी चूल पेटवत नसे, ती पेटवून द्यायला सकाळी मी जायची. त्या दिवशी कसलंच काम करायचं नाही, म्हणून कुत्र्याचे धडेही बंद. मग स्वारी माझ्या पायाशी लोळायची, माझे हात चाटचाट चाटायची. रिकामे हात, बरं का.

पुढे त्यांच्यातली घरं एकेक करून इस्रायलला जायला लागली. "आम्ही कुठले जातोय!" म्हणायचे भाऊ. आणि एक दिवस निघालेच. कागदपत्रं वर्षभर चालली होती म्हणे. वर्षभर! म्हणजे एकीकडे जायची तयारी, आणि दुसरीकडे रोज संध्याकाळी त्या जिवाला माझा हात म्हणजे विष हे शिकवणं. सगळ्याचा बेत आखणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये? निघताना साखळी माझ्या हातात दिली. "हुशार आहे, वहिनी. चार दिवसांत रुळेल."

डोंबल रुळतोय! पाणी प्यायचा, बस. भाकरी दिली, मान फिरवली. बांगडा तळला, लाळ गळली, मान फिरवली. ताटली ठेवून दार लावून घेतलं, तर सकाळी ताटलीला मुंग्या. भाऊंचा मागे राहिलेला जुना कोट अंगात घालून आमच्या ह्यांनी "घे, घे" करून पाहिलं. शेपटी हलवत धावत आला, ह्यांचं तोंड पाहिलं आणि खाली बसला. गुरांच्या डॉक्टरांनी नळीनं दूध घातलं, ते ओकून टाकलं.

आळीतले लोक त्याला बघायला यायचे. हात जोडायचे हो! "काय इमान! माणसाला जमायचं नाही." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कसलं डोंबलाचं इमान? त्याला भूक लागली होती. त्याला खायचं होतं. खाऊ नको हे त्याला नीट शिकवलं होतं, एवढंच. शिकवलेलं सोडवायचं कसं, हे त्या बेतात कुठंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून दिवा लावत, आणि प्रार्थना आटोपली की भाऊ त्याला आपल्या ताटातला घास देत. तेही करून पाहिलं मी. डोक्यावर पदर घेतला, पेल्यात दिवा लावला. दिवा बघून त्यानं कान टवकारले. झोकांड्या खात उठला, दारापर्यंत गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी तिथंच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी त्याच्याजवळ जाऊन हात पुढे केला. रिकामाच. त्यानं कशीबशी मान उचलली आणि माझा हात चाटला. जीभ कोरडी पडली होती, तरी चाटत राहिला. मला वाटलं, आता घेईल, नक्की घेईल. त्याच हातानं मी दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा उचलला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि शिकवल्यासारखी मान फिरवली.